टर्बो ४०० घसरतोय? ड्रॅग कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवण्याआधी बिघाड कसा शोधायचा

मी मिशिगनमध्ये राहतो, मूळचा पुण्याचा, आणि गेली बरीच वर्षं शनिवारी मिलान ड्रॅगवे ह्या पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या ट्रॅकला आणि वर्षातून एकदोनदा ओहायोत नॉरवॉकला स्वतःची गाडी पळवतो. गाडी १९७२ ची शेव्हरोले नोव्हा, ४५४ बिग ब्लॉक इंजिन, मागे ४.१० रेशोचा ॲक्सल, २८ इंची स्लिक्स (नक्षी नसलेले रेसचे टायर) आणि मध्ये टीएच ४०० गिअरबॉक्स, फुल मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी (ऑईल कुठे जाणार ते ठरवणारा भाग, इथे प्रत्येक गिअर हाताने टाकायचा) आणि ट्रान्सब्रेकवाला (बटण दाबलं की गाडी जागीच धरून ठेवणारा). हे सगळं आधीच सांगतोय कारण खाली जे आकडे येतील ते ह्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येणार, पण पद्धत तीच राहते.

टीएच ४०० म्हणजे टर्बो हायड्रामॅटिक ४००, सगळे नुसतं टर्बो ४०० म्हणतात, टर्बोचार्जरशी त्याचा काही संबंध नाही. १९६४ मध्ये कॅडिलॅक आणि ब्युइकमध्ये आला आणि इतका दणकट निघाला की जनरल मोटर्सच्या बाहेर रोल्स रॉइस, जॅग्वार आणि फेरारी ४०० मध्येसुद्धा बसला. ह्याचं घर म्हणजे विलो रनचा कारखाना होता, तिथेच दुसऱ्या महायुद्धात फोर्ड बी-२४ बॉम्बर विमानं बनवत होती, आणि ती जागा मिलानच्या ट्रॅकपासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. मला ट्रॅकवर जाताना दरवेळी ते आठवतं.

आता मुद्दा. ट्रॅकवर कुणाचा गिअरबॉक्स घसरायला लागला, म्हणजे इंजिन फिरतंय पण पूर्ण ताकद चाकांपर्यंत जात नाही, की पहिलं वाक्य ऐकू येतं ते 'उतरवून टाक, बिल्ड करून घे'. मीही एकदा तेच केलं होतं. ट्रान्सब्रेक धरत नव्हता म्हणून बॉक्स उतरवला, एका दुकानात दिला, नवीन प्लेट्स, नवीन सील्स, पैसे मोजून परत बसवला आणि पहिल्याच लाँचला, म्हणजे स्टार्टला सुटताना, गाडी तशीच पुढे सरकली. कारण बिघाड बॉक्समध्ये नव्हताच, मागच्या डिकीतल्या बॅटरीपासून येणाऱ्या वायरचं एक टर्मिनल गंजलं होतं आणि ट्रान्सब्रेकच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) पूर्ण व्होल्टेज मिळत नव्हतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. बॉक्स उघडायच्या आधी तो काय सांगतोय ते नीट ऐकलं तर दहातल्या बहुतेक वेळा खालून पॅन काढायच्या आतच आरोपी कळतो, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आधी वही घ्या, पाना नंतर

गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी, डोक्यात ताजं असतानाच लिहून काढा. कुठल्या गिअरमध्ये झालं, लाँचला की शिफ्टला की गिअर लागल्यानंतर चालू असताना, पहिल्या रनला पण झालं का तिसऱ्या चौथ्या रनला बॉक्स तापल्यावर, रिव्हर्स कसा लागतोय, पिट्समध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागेत) हळू चालवताना जाणवतं का फक्त फुल थ्रॉटलला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिनचा आरपीएम त्या क्षणी नक्की काय करत होता. 'स्लिप झाला' हे पुरेसं नाही. आरपीएम मोकळा सुटून वर गेला, का फक्त पडायला हवा होता तो पडला नाही? ह्या दोन गोष्टी ह्या बॉक्समध्ये पूर्ण वेगळ्या आहेत, का ते पुढे येईलच.

हेल्मेटमधून एवढं लक्षात राहत नाही हे खरं आहे, म्हणून टॅकोमीटरवर रोखलेला साधा कॅमेरा लावा. डेटा लॉगर असेल आणि त्यावर ड्राइव्हशाफ्टचा आरपीएम येत असेल तर सोन्याहून पिवळं, इंजिन आणि ड्राइव्हशाफ्ट ह्या दोन रेषा शेजारी ठेवल्या की अर्धं निदान तिथेच होतं.

फुकटातल्या तपासण्या

ऑईल लेव्हल गरम असताना आणि इंजिन आयडलला चालू असताना बघायची, सपाट जागेवर. काही रेसिंग व्हॉल्व्ह बॉडीत पार्कमध्ये कन्व्हर्टरला (इंजिनची ताकद ऑईलमधून बॉक्सला देणारा भाग) ऑईल जात नाही, त्यामुळे गरम करणं आणि लेव्हल बघणं दोन्ही न्यूट्रलमध्येच करा, हँडब्रेक ओढून आणि चाकांना ठोकळे लावून. कमी ऑईल वाईट हे सगळ्यांना माहीत असतं पण जास्त ऑईल पण तितकंच वाईट, फिरणारे भाग त्याला घुसळतात, फेस होतो, फेसाला प्रेशर राहत नाही, आणि ट्रॅकच्या शेवटी ब्रेक मारला की ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं ते वेगळंच, ते मागच्या टायरखाली आलं तर काय होईल ते सांगायला नको.

डिपस्टिकवरचे दोन थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लाल आणि पारदर्शक पसरलं तर छान. तपकिरी आणि मध्ये काळे कण, आणि करपलेला वास असेल तर क्लचच्या प्लेट्स जळल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत आलंय, तिथे गाडी लगेच बंद, कारण फ्रिक्शन मटेरियल ज्या गोंदाने प्लेटला चिकटवलेलं असतं तो पाण्याने सुटतो.

मग शिफ्टर केबल. ह्याकडे कुणी बघत नाही आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी तीन गाड्यांत हाच बिघाड पाहिलाय. गाडी नीट स्टँडवर घ्या, बॉक्सच्या लिव्हरवरून केबल सोडा, लिव्हर हाताने फिरवा, प्रत्येक गिअरला खट् असं खाचेत बसतं ते बोटांना जाणवतं. आता त्या खाचेत लिव्हर ठेवून आत शिफ्टर त्याच गिअरला ठेवा आणि केबलचं टोक आपोआप भोकात बसतं का बघा. ओढून बसवावं लागत असेल तर आतला मॅन्युअल व्हॉल्व्ह दोन पोर्टच्या मध्ये थांबतोय, क्लचला अर्धवट प्रेशर मिळतंय आणि तुम्ही प्रत्येक रनला तो क्लच भाजताय.

ट्रान्सब्रेकवाल्यांनी सोलेनॉइडच्या वायरवर मल्टीमीटर लावून बटण दाबायचं. बटण दाबलेलं असताना बघायचं, नुसतं कनेक्टर काढून नाही, कारण लोड नसताना गंजलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते. माझ्या वेळी कनेक्टर काढून १२.४ दिसत होते आणि बटण दाबल्यावर साडेआठ. हे आधी केलं असतं तर एक अख्खा सीझन वाचला असता.

इंजिनचा दोष बॉक्सवर ढकलू नका, त्यासाठी एक सरळ नियम, ट्रॅप स्पीड (ट्रॅकच्या शेवटचा वेग) कमी आणि आरपीएमपण कमी तर इंजिन बघा, ट्रॅप स्पीड कमी पण आरपीएम जास्त तर कुठेतरी घसरतंय.

टाइम स्लिप वाचायला शिका

प्रत्येक रनच्या वेळा छापलेला हा कागद आपण ईटी (एकूण लागलेला वेळ) बघून खिशात कोंबतो, पण बॉक्सचा रिपोर्ट त्यातच असतो. माझ्या गाडीचा चांगला दिवस असा: ६० फुटाला १.४८, ३३० फुटाला ४.३५, ६६० ला ६.६८, आणि पाव मैल १०.४८ सेकंद, १२७ मैल वेग. गेल्या सीझनमधल्या एका शनिवारी आला तो असा: १.४८, ४.३५, ६.७९, १०.७१ आणि १२५ मैल.

आता बघा, ३३० फुटापर्यंत काहीही बदल नाही. म्हणजे कन्व्हर्टर लाँचला ठीक, पहिला गिअर ठीक, आणि १ ते २ ची शिफ्ट माझ्या गाडीत साधारण शंभर फुटाच्या आसपास होते तीपण ठीक. ३३० ते ६६० मध्ये आधी २.३३ सेकंद लागायचे ते २.४४ झाले, आणि पुढच्या ६६० फुटात ३.८० चे ३.९२. माझी २ ते ३ ची शिफ्ट ३३० च्या किंचित पुढे होते. म्हणजे जे काही गेलं ते तिसऱ्या गिअरमध्ये गेलं, आणि फक्त शिफ्टच्या क्षणी नाही तर शेवटपर्यंत जात राहिलं.

तुमच्या गाडीत कुठली शिफ्ट कुठल्या टप्प्यात येते हे एकदा कॅमेऱ्यावरून काढून ठेवा, कायम कामाला येतं. ६० फूटच बिघडलं आणि पुढचे टप्पे जसेच्या तसे असतील तर बॉक्सच्या आधी टायर, ट्रॅक आणि कन्व्हर्टरकडे बघा.

दुसरा हिशोब घसरण्याचा, म्हणजे स्लिपचा. मैल प्रति तास वेग गुणिले ॲक्सल रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात. तिसरा गिअर एकास एक असतो, त्यामुळे काहीच घसरलं नाही तर इंजिनचा आरपीएम तेवढाच यायला हवा. माझा चांगला दिवस: १२७ × ४.१० × ३३६ ÷ २८ म्हणजे ६२४८, प्रत्यक्षात टॅकोमीटरवर ६६८०. फरक ४३२, म्हणजे साधारण साडेसहा टक्के, हा कन्व्हर्टरचा नेहमीचा स्लिप आहे. वाईट दिवस: १२५ ला हिशोब ६१५० येतो आणि प्रत्यक्षात ६९५०, साडेअकरा टक्के. वेगात स्लिक थोडा फुगतो आणि ट्रॅप स्पीड शेवटच्या ६६ फुटांची सरासरी असते, म्हणून एका आकड्यावरून सुतावरून स्वर्ग गाठू नका, पण त्याच गाडीचा त्याच टायरवर साडेसहाचा साडेअकरा झाला असेल तर तो खरा बदल आहे.

कुठल्या गिअरला आत कोण काम करतं

हा भाग दोनदा वाचा, सगळं ह्यावर उभं आहे. टीएच ४०० मध्ये तीन क्लच पॅक (ऑईलच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या प्लेट्सचे गठ्ठे) असतात, फॉरवर्ड, इंटरमीडिएट आणि डायरेक्ट. मागे एक बँड (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) असतो, पुढेही एक असतो पण रेसच्या बॉक्समध्ये तो बऱ्याचदा बसवतच नाहीत. आणि दोन एका दिशेने अडणारे भाग असतात, एक लो रोलर आणि एक इंटरमीडिएट स्प्रॅग.

पहिला गिअर: फॉरवर्ड क्लच, आणि लो रोलर अडून धरतो.
दुसरा: फॉरवर्ड, त्यात इंटरमीडिएट क्लच आणि त्याचा स्प्रॅग.
तिसरा: फॉरवर्ड, इंटरमीडिएट तसाच लागलेला, आणि वरून डायरेक्ट क्लच.
रिव्हर्स: डायरेक्ट क्लच आणि मागचा बँड.
ट्रान्सब्रेक: फॉरवर्ड, डायरेक्ट आणि मागचा बँड, तिन्ही एकदम. म्हणजे पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी लागतात आणि बॉक्स जाम होतो, बटण सोडलं की रिव्हर्सकडचं ऑईल सुटतं आणि गाडी उडते.

आता हे पोलिसांच्या तपासासारखं वापरायचं. जिथे जिथे बिघाड दिसतो तिथे तिथे कोण हजर होता, आणि जिथे बिघाड नाही तिथे कोण हजर होता, दुसऱ्या यादीतले सगळे सुटले.

माझ्या गाडीत तिसरा घसरत होता. तिसऱ्यात तिघे हजर. पण दुसरा व्यवस्थित, म्हणजे फॉरवर्ड आणि इंटरमीडिएट सुटले, उरला डायरेक्ट. खात्री कशी करायची? डायरेक्ट अजून कुठे लागतो, रिव्हर्स आणि ट्रान्सब्रेकमध्ये. पिट्समध्ये रिव्हर्स टाकला तर नेहमी धाडकन लागायचा तो सेकंदभर विचार करून लागत होता, आणि ट्रान्सब्रेकवर गाडी स्टेज बीममधून (स्टार्टच्या रेषेवरचे प्रकाशकिरण) इंच इंच पुढे सरकत होती, मी दोन रन तो टायरचा दोष समजत होतो. तीन ठिकाणी बिघाड आणि तिन्ही ठिकाणी हजर असणारा एकच, डायरेक्ट क्लच.

हेच जर ट्रान्सब्रेक सरकतोय, रिव्हर्स घसरतोय पण तिसरा गिअर ठणठणीत असं असतं तर संशय मागच्या बँडवर किंवा त्याच्या सर्व्होवर (बँड आवळणाऱ्या पिस्टनवर) गेला असता. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, कंपनीच्या मूळ रचनेत डायरेक्ट क्लचच्या पिस्टनला तिसऱ्यात एकाच भागात ऑईल मिळतं आणि रिव्हर्समध्ये दोन्ही भागांत, त्यामुळे मूळ फीडच्या बॉक्समध्ये तिसरा चांगला म्हणून डायरेक्टचं पिस्टन शंभर टक्के सुटत नाही. रेसच्या बॉक्समध्ये बहुतेक ड्युअल फीड करतात, म्हणजे तिसऱ्यातही दोन्ही भागांत ऑईल, तिथे ही शंका राहत नाही. बॉक्स बांधून देणाऱ्या बिल्डरला विचारून ठेवा तुमचा कुठला आहे.

बाकीच्या जोड्या पटकन सांगतो. पुढचे तिन्ही गिअर मेलेत आणि रिव्हर्स चांगला: फॉरवर्ड क्लच. पहिल्यात टाकल्यावर गाडी हलत नाही पण दुसऱ्यात टाकली की निघते: लो रोलर गेला. स्टॉक व्हॉल्व्ह बॉडी असेल तर लिव्हर लो मध्ये टाका, तिथे मागचा बँडपण लागतो, गाडी लो मध्ये निघते आणि ड्राइव्हमध्ये नाही हीच त्याची खूण, पण बऱ्याच ट्रान्सब्रेकवाल्या व्हॉल्व्ह बॉडीत पहिल्याला बँड लागत नाही, तिथे ही परीक्षा चालत नाही. न्यूट्रलमध्ये गाडी पुढे ओढते: फॉरवर्डच्या प्लेट्स चिकटल्यात. दुसरा लागतच नाही पण पहिला आणि तिसरा आहेत: इंटरमीडिएट क्लच किंवा त्याचा स्प्रॅग, ह्या दोघांत कोण ते पॅन काढल्यावर कळतं.

आणि आता वर म्हटलेला आरपीएमचा मुद्दा. ह्या बॉक्समध्ये वरचा गिअर लागताना खालच्याचा काही सोडावा लागत नाही, आधीचे तसेच राहतात आणि नवीन क्लच येऊन मिळतो, रोलर किंवा स्प्रॅग आपोआप मोकळा होतो. त्यामुळे डायरेक्ट क्लच पूर्ण मेला तरी गाडी न्यूट्रल होत नाही, दुसऱ्यातच राहते. आरपीएम पडत नाही एवढंच, दुसऱ्या गिअरच्या हिशोबापेक्षा वर तो जाऊच शकत नाही. मग शिफ्टच्या वेळी इंजिन खरंच मोकळं सुटलं, सुंईईई करत रेव्ह लिमिटरवर आपटलं आणि गाडीला धक्काच नाही, तर डायरेक्ट किंवा इंटरमीडिएटच्या मागे लागू नका, ते काम फॉरवर्ड क्लचचं, तुटलेल्या शाफ्टचं किंवा सगळ्या बॉक्सचं प्रेशर पडल्याचं आहे. ही एक गोष्ट समजली की अर्धे चुकीचे निदान बंद होतात.

असा मोकळा सुटणारा बॉक्स असेल तर त्या दिवशी पुन्हा रन करू नका. पहिल्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलला लो रोलर तुटला तर आतला डायरेक्ट ड्रम भयानक वेगाने फिरतो आणि फुटू शकतो, तुमचे पाय त्याच्या शेजारी असतात. एसएफआय ४.१ ह्या रेसिंग सुरक्षा मानकाचं शील्ड बॉक्सवर असायलाच हवं, नियम तुमच्या ईटीला लागू असो वा नसो. आणि बर्नआउट पहिल्या गिअरमध्ये करत बसू नका, चाकं फिरली की लगेच दुसरा मग तिसरा, आणि चाकं कोरड्यावर पकड घेण्याच्या आत थ्रॉटल सोडा.

प्रेशर गेज, सगळ्यात खरं बोलणारा साक्षीदार

बॉक्सच्या ड्रायव्हरच्या बाजूला केसवर १/८ इंच पाइप थ्रेडचा एक प्लग असतो, तिथे लाइन प्रेशर मिळतं. ३०० पीएसआयचा गेज आणि चांगली लांब होज लावा, एक्झॉस्टपासून लांब बांधा, गरम ऑईल हेडरवर उडालं तर गाडी पेटते. मागची चाकं हवेत, चार मजबूत स्टँड, चाकांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, एकजण आत बसलेला आणि एकजण गेजवर. हजार-पंधराशे आरपीएमवर प्रत्येक गिअर टाकून आकडा लिहा, आधी थंड आणि मग १७५ फॅरेनहाइट म्हणजे साधारण ८० सेल्सिअसला.

स्टॉक बॉक्समध्ये प्रेशर थ्रॉटलप्रमाणे कमीजास्त होतं, आयडलला साठ-सत्तर आणि फुल थ्रॉटलला दीडशेच्या आसपास. रेसच्या मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडीत ते बहुतेक कायम वर बांधलेलं असतं. माझ्या बिल्डरने लिहून दिलेला आकडा २०० आहे. तुमचा आकडा तुमच्या बिल्डरचा, दुसऱ्याच्या गाडीचा घेऊ नका.

माझं थंड असताना आलं: न्यूट्रल २०५, पहिला २०५, दुसरा २००, तिसरा १९०. बघून वाटलं ठीकच आहे. मग अर्धा तास गरम केला आणि पुन्हा: न्यूट्रल २००, पहिला २००, दुसरा १९५, तिसरा टाकला आणि सुई सरकत सरकत १५० वर येऊन थरथरत राहिली. रिव्हर्स टाकला, तिथेपण तेवढीच पडली. थंड जाड ऑईल गळती लपवतं, पातळ झालं की खरं चित्र दिसतं, म्हणून थंड आकड्यावर कधीच थांबू नका.

अर्थ असा लावायचा. सगळ्याच गिअरमध्ये प्रेशर कमी असेल तर सगळ्यांचं सामाईक काय ते बघा, ऑईल कमी, फिल्टर चोंदलेला किंवा त्याची सील निसटलेली, रेग्युलेटर व्हॉल्व्ह अडकलेला, पंप झिजलेला. एकाच क्लचच्या गिअरमध्ये पडत असेल तर त्या क्लचच्या रस्त्यात गळती आहे, पिस्टनचं सील किंवा सेंटर सपोर्टच्या सीलिंग रिंग्स. आणि प्रेशर सगळीकडे पूर्ण आहे तरी घसरतंय तर हायड्रॉलिक निर्दोष, प्लेट्सच जळल्यात. स्टँडवर सगळं बरोबर आणि ट्रॅकवर लाँचला किंवा अर्ध्यात सुई पडते असं असेल तर ऑईल जोरात मागे सरकून फिल्टरचं तोंड उघडं पडतंय, डीप पॅन आणि त्याला जुळणारा फिल्टर एक्स्टेन्शन लागतो. हे पकडायला गेज काचेबाहेर काउलवर (काचेखालच्या पत्र्यावर) टेप करून कॅमेऱ्यात घ्यायचा, केबिनच्या आत गरम ऑईलची होज आणायची नाही.

मॅन्युअल नसलेल्या, स्वतः शिफ्ट होणाऱ्या बॉक्सवाल्यांनी उजव्या बाजूच्या व्हॅक्युम मॉड्युलेटरची (इंजिनच्या व्हॅक्युमवरून प्रेशर कमीजास्त करणारा भाग) होज काढून आत बोट फिरवा. होजमध्ये लाल ऑईल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, इंजिन ते ऑईल ओढून जाळतंय आणि एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय, लोक पिस्टन रिंग गेल्या समजून इंजिन उघडतात.

कन्व्हर्टर की बॉक्स?

स्लिप वाढला की पहिला दोष कन्व्हर्टरला देतात. पण कन्व्हर्टर सगळ्याच गिअरमध्ये असतो, बिघडला तर फक्त तिसऱ्यात दिसणार नाही. त्याच्या आतला स्टेटर (ऑईलची दिशा वळवणारं चक्र) दोन्हीकडे मोकळा फिरायला लागला तर लाँच मेलेला, स्टॉल आरपीएम (गाडी जागीच धरून फुल थ्रॉटलला इंजिन जिथवर जातं तो आकडा) खूप खाली, आणि ट्रॅकच्या शेवटी मात्र गाडी बरी पळते. स्टेटर जाम झाला तर उलट, लाँच छान आणि वर दम नाही, शिवाय ऑईल भयंकर तापतं. माझा ट्रान्सब्रेक स्टॉल ४८०० चा ४८०० च होता, कन्व्हर्टर तिथेच सुटला.

स्टॉल बघताना पाच सेकंदांच्या वर कधीच नाही, सगळी हॉर्सपॉवर त्या ऑईलमध्ये उष्णता होऊन जाते. नंतर न्यूट्रलमध्ये हजार आरपीएमवर मिनिटभर थंड होऊ द्या. गाडीपुढे कुणी नको.

खालून टकटक आवाज येत असेल तर फ्लेक्सप्लेटला (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती) तडा आहे का बघा, तो आवाज कनेक्टिंग रॉडसारखा येतो. आणि कन्व्हर्टर बसवताना बोल्ट लावायच्या आधी फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरमध्ये १/८ ते ३/१६ इंच म्हणजे तीन ते पाच मिलिमीटर फट हवी, फट नसेल तर कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसलेला नाही आणि बोल्ट आवळताच पंप फुटेल.

पॅन काढल्यावर

तळाला बोटावर येईल इतका करडा मऊ गाळ नेहमीचा, घाबरू नका. काळा खरखरीत चुरा म्हणजे क्लचचं फ्रिक्शन. चुंबकाला चिकटणारे सुईसारखे तुकडे म्हणजे स्प्रॅग किंवा रोलरचं स्टील. पिवळसर चमक म्हणजे बुशिंग किंवा थ्रस्ट वॉशर. चांदीसारखं पण चुंबकाला न चिकटणारं म्हणजे ॲल्युमिनियम, पंप किंवा केस. फिल्टर फेकू नका, पत्र्याच्या कात्रीने कापून आत बघा, पॅनमध्ये न दिसलेलं तिथे सापडतं. माझ्या पॅनमध्ये काळा चुरा होता, चमचाभर असेल, धातू काहीच नाही.

शेवटची परीक्षा हवेची. व्हॉल्व्ह बॉडी उतरवली की केसमध्ये प्रत्येक क्लचची भोकं दिसतात, तिथे रबरी टोकाची एअर गन लावून ३० ते ४० पीएसआय हवा द्यायची. इंटरमीडिएटला सेंटर सपोर्टच्या पोकळ बोल्टातून ऑईल जातं, तिथूनच हवा देता येते. चांगला क्लच ठप् असा एकच भरीव आवाज देतो आणि हवा सोडली की पुन्हा हलकासा ठप्. फॉरवर्डला ठप्, इंटरमीडिएटला ठप्, डायरेक्टला हवा दिली तर अर्धवट थपका आणि मग सलग स्स्स्स, सायकलच्या ट्यूबला काटा लागल्यासारखा. गॅरेजमध्ये पंखा बंद करून, कान जवळ नेऊन ऐका, आणि डोळ्यांवर चष्मा लावा कारण ऑईल उडतं.

मग बॉक्स उतरवला, आता तो उतरवायला कारण होतं. डायरेक्ट ड्रम उघडला तर पिस्टनचं बाहेरचं लिप सील तापून कडक झालं होतं, नखाने दाबलं तर दबत नव्हतं, आणि एका जागी ओठाला गव्हाच्या दाण्याएवढा काप. स्टील प्लेट्स निळ्या पडलेल्या, फ्रिक्शन प्लेट्स अर्ध्या काळ्या. नुसत्या प्लेट्स बदलून बॉक्स बंद केला असता तर महिन्याभरात नवीन प्लेट्सपण जळल्या असत्या, कारण मूळ दोष सीलचा होता, आणि सील कडक झालं कारण कूलर पुरत नव्हता.

तो कूलरही तपासा. परतीची लाइन सोडून बादलीत घ्या, आयडलला २० सेकंदांत साधारण एक क्वार्ट म्हणजे लिटरभर ऑईल यायला हवं, तेवढ्यावर लगेच इंजिन बंद करा. माझ्यात जेमतेम निम्मं येत होतं. बॉक्स जळला की चुरा कूलरच्या नळ्यांत अडकतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, म्हणून मी कूलर नवीन घेतला, पंख्यासकट, आणि पॅनमध्ये टेम्परेचर सेन्सर बसवला. आता २०० फॅरेनहाइटच्या वर सुई गेली की दोन रनच्या मध्ये गाडी थंड होईपर्यंत लेनमध्ये जात नाही, राउंड चुकला तरी.

भारतात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग पळवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहेत, त्यांची आतली रचना पूर्ण वेगळी आणि निदान स्कॅनरवर चालतं. पण टप्प्याटप्प्याचे टाइम बघणं आणि बिघाडाच्या वेळी कोण हजर होता हे शोधणं तिथेही तसंच लागू पडतं, सम आणि विषम गिअरचे क्लच वेगळे असतात, दोन, चार आणि सहा तिन्ही घसरत असतील तर आरोपी कोण हे आता तुम्हीच सांगाल.

बॉक्स बसवल्यावर गेज लगेच काढू नका. गरम करून पुन्हा सगळे गिअर बघा, माझा तिसरा आता १९५ वर स्थिर उभा राहतो. पहिला रन अर्ध्या थ्रॉटलला, मग लेव्हल, मग गळती, मग शिफ्टर केबल पुन्हा एकदा, आणि तीन रननंतर पॅन काढून परत बघा, नवीन प्लेट्सचा थोडा गाळ येईल, चुरा यायला नको.